खोकेवाल्याचा कबुलीजबाब

मी ३१ वर्षं खोकी बनवली. पुठ्ठ्याची. (आजकाल हे वेगळं सांगावं लागतं.) भोसरीच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात आधी तीन पदरी, पाच पदरी अशी साधी तपकिरी खोकी आणि पुढे मिठाईची, साड्यांची, आहेराची छापील, चकचकीत खोकी. निरोपाच्या दिवशी सहकाऱ्यांनी मला एक मोठं खोकं दिलं. त्यात दुसरं, त्यात तिसरं, असं करत सातव्या खोक्यात एक मनगटी घड्याळ निघालं. सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. त्या सहा जादा खोक्यांचं पुढे काय झालं, हा प्रश्न तेव्हा कुणालाच पडला नाही, मला तर नाहीच.

निवृत्तीनंतर माणसाला काहीतरी धरावं लागतं. कुणी विपश्यना धरतं, कुणी शेअर बाजार. मी कचरा धरला. बाल्कनीत चार पोती मांडली: कागद-पुठ्ठा, बाटल्या, दुधाच्या पिशव्या आणि ‘इतर’. रिकामी पाकिटं धुवायची, कपडे वाळत घालायच्या दोरीवर चिमटे लावून टांगायची, वाळली की घडी करून पोत्यात. "अहो, निदान पाहुणे यायचे असतील त्या दिवशी तरी हे तोरण उतरवत जा," असं बायको म्हणायची. तिला पर्यावरणाची आस्था नाही, असा निष्कर्ष मी मनातल्या मनात काढून ठेवला होता.

त्याला आता दोन वर्षं झाली. या काळात जे काही डोक्यात शिरलं ते खाली लिहितो. आकडे घातलेत ते सवयीने. कारखान्यात प्रत्येक कामाला जॉब नंबर असायचा.

१. कचरा धुतला म्हणून तो सोवळा होत नाही. आमच्या सोसायटीत कचरा न्यायला येणाऱ्या ताई पंचेचाळिशीच्या असतील. एका रविवारी मी चारही पोती मोठ्या दिमाखात पार्किंगमध्ये उतरवली. शाबासकीची अपेक्षा होती, खोटं कशाला बोलू. ताईंनी पोती उलटी केली, उकिडव्या बसल्या आणि पत्ते वाटावेत तशा सराईत हाताने दहा मिनिटांत सगळं निवडून मोकळ्या झाल्या. पुठ्ठा एका बाजूला, पाण्याच्या बाटल्या एका बाजूला, दुधाच्या पिशव्या एका बाजूला. आणि वेफर्स, चिवडा, बिस्किटं, कॉफी यांची पाकिटं, शाम्पूच्या पुड्या, टूथपेस्टच्या नळ्या हे सगळं मागे, भिंतीकडे. भिंतीकडचा ढीग सगळ्यात मोठा होता.

"ताई, धुतलंय सगळं," मी म्हणालो.

"दिसतंय की काका. पण घेणार कोण?"

ऐन एप्रिलात, पाणी एक दिवसाआड येत असताना, मी वेफर्सची पाकिटं साबण लावून धुतली होती. पुण्यातल्या कचरावेचकांची संघटना १९९३ साली स्थापन झाली. तिचं नाव कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. कागद, काच, पत्रा या तिन्ही गोष्टींना भंगारात भाव आहे. त्या रविवारी माझ्या चार पोत्यांत पत्रा अजिबात नव्हता आणि काच म्हणजे लोणच्याची एक बरणी. तिचंही झाकण हरवलेलं.

२. जे पोटापाण्यासाठी माहीत असतं ते घरी आल्यावर सोयीने विसरता येतं. वेफर्सचं पाकीट कशाचं असतं हे ताईंनी मला शिकवायची गरज नव्हती. बाहेर छपाईसाठी एक फिल्म, मध्ये चंदेरी थर, आत चिकटवण्यासाठी पॉलिथिन. हे पापुद्रे एकमेकांना असे बसवलेले असतात की हवा आत शिरू नये. त्यामुळेच वेफर्स चार महिने कुरकुरीत राहतात आणि त्याचमुळे ते पापुद्रे पुन्हा सुटे करणं कुणालाही परवडत नाही. फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जातात. हे सगळं मी नव्या पोरांना ट्रेनिंगमध्ये सांगितलेलं आहे, तेही फळ्यावर आकृती काढून.

मग मी ती पाकिटं जमवत का होतो? त्यांच्यावर त्रिकोण होता म्हणून! तीन बाणांचं ते चिन्ह १९७० साली गॅरी अँडरसन नावाच्या २३ वर्षांच्या अमेरिकन विद्यार्थ्याने एका स्पर्धेसाठी काढलं. स्पर्धा भरवली होती कंटेनर कॉर्पोरेशन ऑफ अमेरिका या कंपनीने. म्हणजे खोकी बनवणाऱ्यांनी, आमच्याच धंद्यातल्यांनी! चिन्ह होतं कागदासाठी. पुढे १९८८ मध्ये अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने तशाच बाणांच्या त्रिकोणात १ ते ७ आकडे घातले. आकडा सांगतो तो माल कुठल्या जातीचा आहे एवढंच. त्याचं पुन्हा काही होईल, असं वचन त्यात कुठेही नाही. सातवा आकडा तर ‘इतर’चा, माझ्या चौथ्या पोत्यासारखा.

२०१७ मध्ये रोलंड गायर आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी १९५० ते २०१५ या काळात जगात तयार झालेल्या सगळ्या प्लास्टिकचा ताळेबंद मांडला होता. एकूण माल ८३० कोटी टन. त्यातला जेवढा कचरा झाला, त्यापैकी पुन्हा कामी आला सुमारे ९ टक्के, जाळला गेला १२ टक्के आणि बाकीचा ७९ टक्के कचराडेपोत किंवा उघड्यावर. हा आकडा मी नोकरीत असतानाच वाचला होता. वाचून चहा प्यायला गेलो होतो.

३. कापडी पिशवीही मोजून ठेवावी. महाराष्ट्रात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली मार्च २०१८ मध्ये आणि अंमल सुरू झाला २३ जूनपासून. तेव्हापासून आमच्या घरात कापडी पिशव्यांचा पाऊस पडतोय. बँकेची, पतपेढीची, दोन नेत्रतपासणी शिबिरांची, मुंजींची, एका नगरसेवकाची (फोटोसह). मागच्या दिवाळीत मोजल्या तर २७ भरल्या. शिवाय आईने जुन्या नऊवारीच्या शिवलेल्या तीन. त्या मी हिशेबात धरत नाही, कारण ते कापड आपलं आयुष्य आधीच जगून झालं होतं.

ब्रिटनच्या पर्यावरण खात्याचा २०११ सालचा एक अहवाल आहे. हवेत जाणाऱ्या कार्बनच्या हिशेबाने बघितलं तर एक सुती पिशवी १३१ वेळा वापरली, तरच ती एकदा वापरून टाकलेल्या पातळ प्लास्टिक पिशवीची बरोबरी करते, असं त्यात म्हटलं आहे. मी कागद-पेन्सिल घेतलं. २७ गुणिले १३१ म्हणजे ३,५३७ फेऱ्या. आठवड्यातून दोनदा मंडईत जातो, म्हणजे वर्षाला १०४. फेऱ्या पूर्ण व्हायला ३४ वर्षं. मी साठीचा आहे. चौऱ्याण्णवाव्या वर्षापर्यंत मला न चुकता मेथी-शेपू आणत राहावं लागेल, तेही नवी एकही पिशवी न घेता. परवा पुतण्याच्या साखरपुड्यात अठ्ठाविसावी मिळाली.

४. आपलं केलेलं आपल्याच दारात येऊन उभं राहतं. हा प्रसंग सांगू की नको, असं बराच वेळ वाटत होतं. दिवाळीनंतर ताई पुठ्ठ्याचं पोतं निवडत होत्या. एक लालभडक, सोनेरी नक्षीचं मिठाईचं खोकं त्यांनी उचललं, एक कोपरा नखाने सोलून बघितला आणि बाजूला टाकलं. मी ते उचलून पाहिलं. झाकणावरची कमळाची नक्षी, आतली चार खणांची जाळी, झाकणाला बसवलेली पारदर्शक खिडकी. ते खोकं मीच केलेलं होतं. म्हणजे हातांनी नव्हे, पण नमुना मंजूर करून घ्यायला ग्राहकाकडे मीच गेलो होतो. साध्या पांढऱ्या पुठ्ठ्यावर छापून देतो असं आमचा डिझाइनर म्हणत होता. मी म्हणालो होतो, मेट-पेट टाका, सणाला झगमगाट पाहिजे. मेट-पेट म्हणजे धातूचा मुलामा दिलेली पॉलिस्टरची फिल्म. ती पुठ्ठ्याला चिकटली की खोकं आरशासारखं चमकतं आणि तो पुठ्ठा लगद्याच्या टाकीत एकजीव होत नाही. आमचा दर मात्र दीडपट झाला होता. त्या वर्षी मला बढती मिळाली.

"हा चकाकता पुठ्ठा वेगळा काढावा लागतो काका, चांगल्यात गेला तर दुकानदार सगळ्याचा भाव पाडतो," ताई म्हणाल्या.

मी ‘हो का’ म्हणालो. आणखी काय म्हणणार? त्यांना सांगावं, असं क्षणभर मनात आलं. सांगितलं नाही.

कारखान्यात आम्ही एक वाक्य फार वापरायचो: पुठ्ठा म्हणजे शंभर टक्के रिसायकल. कागदाचं तसं बऱ्यापैकी खरंही आहे, फक्त प्रत्येक फेरीत त्याचा तंतू आखूड होत जातो आणि पाच-सात फेऱ्यांनंतर हाताशी उरतो नुसता गाळ. पण त्या वाक्याचा खरा उपयोग वेगळाच होता. ते एकदा म्हटलं की खोकं केवढं असावं, असावं की नसावं, हे कुणी विचारत नसे. मापाचं खोकं पाव किलोचं आणि त्यात काजूकतली बसवायची दीडशे ग्रॅम, उरलेल्या जागेत कागदाची झालर. झालरही रिसायकल होतेच की!

५. घरून डबा नेणं सोपं असतं, दुकानात तो पुढे करणं अवघड. स्टीलचा डबा पिशवीत घालून मी मिठाईच्या दुकानात तीनदा गेलो आणि तिन्ही वेळा पेढे खोक्यात घेऊन परत आलो. मागे रांग असते, मुलगा ‘काय देऊ’ म्हणेपर्यंत त्याचा हात खोक्याकडे गेलेला असतो, आणि साठीच्या माणसाने भर गर्दीत डबा काढला की आपण उधार मागायला आलोय असं उगाच वाटायला लागतं. चौथ्यांदा मी सकाळी अकराला गेलो. दुकान रिकामं होतं. डबा काट्यावर ठेवला. मुलाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग मालकाकडे. मालक म्हणाले, "काटा शून्य कर आणि दे." एवढंच! तीन महिने मी ज्याला घाबरत होतो ते चार सेकंदांत उरकलं.

घरी येऊन जुनं रिकामं खोकं आमच्या स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. ६२ ग्रॅम. मिठाईच्या वजनात खोक्याचं वजन धरायचं नाही, असा वजनमापांचा नियम आहे. पण इतकी वर्षं मी काट्याकडे बघायचो तेव्हा आकड्याकडे कधी बघितलंच नव्हतं. पेढा कोरा आहे की केशरी, एवढंच बघायचो. बाजारात बारदानाचं वजन वजा करायची चाल आहे. पोतं तुम्हाला विकलेलं नाही, आतला माल विकलाय. ही एवढी साधी गोष्ट भुसारवाल्याला कळते आणि खोक्यांत हयात घालवलेल्या माणसाला नाही.

आता काय, त्या दुकानात मी ‘डबेवाले काका’ झालोय. डबा विसरलो तर मुलगाच विचारतो, ‘आज नाही आणला?’ आणि माझी मान खाली जाते. लाजेने जेवढं थांबवलं होतं तेवढंच आता लाज करवून घेते.

६. आपल्या आठवणीतल्या कागदी पुड्या दुसऱ्या कुणीतरी निवडलेल्या असतात. एकदा जेवताना मी लहानपणच्या वाण्याचं वर्णन करत होतो. वर टांगलेलं दोऱ्याचं रीळ, रद्दीचा कागद, एका हाताने पुडी वळून तिला चारी बाजूंनी दोरा मारायचं कसब, पुडी सोडल्यावर शिळी बातमी वाचायची मजा. माझा आवाज बहुधा जरा भरून आला असावा. आई ८४ वर्षांची आहे. ती आमटी भुरकत शांतपणे म्हणाली, "तुला रे काय पुड्यांचं एवढं? तांदळातले खडे तू निवडत होतास की मी? गुळाला मुंग्या, रव्यात अळ्या, डाळीत माती. दुपारभर सूप घेऊन बसायचे. पाकिटं आली तेव्हा देवच पावला मला."

बायकोने तिच्याकडे पाहून वाटीत आणखी आमटी वाढली.

मग मी जरा वाचलं. १९९८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात मोहरीसारख्याच दिसणाऱ्या अर्जिमोनच्या बियांच्या तेलाची भेसळ झाली, माणसांच्या अंगाला सूज आली, कित्येक दगावली. त्यानंतर त्याच वर्षी सरकारने खाद्यतेल बंद पाकिटातूनच विकायचा आदेश काढला. रद्दीच्या पुडीचं म्हणाल तर छपाईची शाई पोटात जाते म्हणून अन्न वर्तमानपत्रात बांधू नका, असं देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्ये सांगून ठेवलंय. म्हणजे माझ्या गहिवराच्या दोन्ही बाजू लंगड्या. तेल, दूध, औषधं यांच्या बाबतीत मी आता हट्ट करत नाही. पण डझनभर केळ्यांना जाळीची टोपी लागत नाही, आणि त्याला आईचीही ना नाही. केळ्याला देवाने साल दिलीय, असं तिचं म्हणणं.

७. जी वस्तू परत येते तिला कुणी कचरा म्हणत नाही. हे मला कळलं ते गॅसची टाकी आली तेव्हा. चौदा किलो दोनशे ग्रॅम गॅस, त्याहून जड लोखंड, आणि ते लोखंड फेकून द्यावं असं आजवर कुणाच्या मनात आलं नाही. रिकामी द्यायची, भरलेली घ्यायची. मुंबईचे डबेवाले १८९० पासून हेच करतात; जेवण जातं, डबा संध्याकाळच्या आत घरी. लहानपणी मुंबईला मामाकडे गेलो की आरेच्या केंद्रावर काचेच्या बाटल्या घेऊन रांगेत उभं राहावं लागे. रिकामी धुतलेली बाटली नसेल तर दूध नाही. मामी बाटली फुटली तर दुधापेक्षा बाटलीवरून जास्त ओरडायची. गोटी सोड्याची बाटली तर दुकानासमोर उभं राहूनच संपवायची. घेऊन जायची टापच नव्हती.

हे सगळे लोक निसर्गप्रेमी होते अशातला भाग नाही. भांडं महाग होतं आणि ते परत आणण्यात कुणाचा तरी फायदा होता. २०१८ च्या बंदीत दुधाच्या पिशवीवर किमान ५० पैसे परतफेड छापावी अशी तरतूद होती. तिच्या भरवशावर मी दोनशे पिशव्या (धुतलेल्या, अर्थातच) घेऊन दूधवाल्याकडे गेलो होतो. शंभर रुपये येणं निघत होतं. त्याने पिशव्यांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "काका, निवृत्त झालात का?"

मुलगी स्टुटगार्टला असते. जर्मनीत २००३ पासून पाण्याच्या, सरबतांच्या एकदा वापरायच्या बाटल्यांवर २५ सेंट अनामत आहे. म्हणजे आपले वीस-पंचवीस रुपये. सुपरमार्केटात यंत्राच्या तोंडात बाटली सारायची, पावती घ्यायची. मला व्हिडिओ कॉलवर ते यंत्र दाखवताना जावई अगदी खुशीत होते. मी म्हणालो, वा, म्हणजे ती बाटली पुन्हा भरतात! तर नाही. २५ सेंटवाली आत गेल्या गेल्या चिरडली जाते, तिचा चुरा होतो. पुन्हा भरली जाते ती बिअरची काचेची, आणि तिची अनामत आहे फक्त ८ सेंट. मी हे दोनदा विचारून घेतलं. परत येणं आणि परत वापरणं यांत एवढा फरक असतो, हे जावयांनाही माझ्यामुळेच पहिल्यांदा जाणवलं. तेवढंच समाधान.

८. मोठं पाकीट घेण्यात शहाणपण आहे, पण सगळ्यात मोठं घेण्यात नाही. भूमिती साधी आहे: खोक्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर माल आठपट मावतो आणि पुठ्ठा लागतो चौपट. हे सूत्र मी आयुष्यभर ग्राहकांना सांगितलं. त्याच जोरावर एकदा बेसनाचं पाच किलोचं पोतं आणलं. आम्ही तीन माणसं, त्यातल्या एकीला पित्ताचा त्रास. तिसऱ्या महिन्यात त्याला जाळी धरली आणि साडेतीन किलो बेसन ओल्या कचऱ्यात गेलं. एक पाकीट वाचवलं, हरभऱ्याचं अर्धं शेत फेकलं. शाम्पूच्या पुड्यांवरही मी घरात भाषण दिलं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंनी ते ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दादा, मोठी बाटली घ्यायची तर एकदम दोनशे रुपये लागतात." त्यानंतर ते भाषण झालेलं नाही.

ऑनलाइन खरेदीबद्दल फार काही लिहीत नाही, सगळ्यांना ठाऊकच आहे. पेनच्या दोन रिफिल मागवल्या होत्या. त्या बुटाच्या खोक्याएवढ्या खोक्यात, हवेच्या फुग्यांत गुंडाळून आल्या. मी खोकं मोजलं, पाच पदरी, चांगल्या कागदाचं. एका बाजूला हळहळ आणि दुसऱ्या बाजूला, काय सांगू, थोडी व्यावसायिक दाद. आता मागवायची वस्तू आधी फ्रिजवरच्या कागदावर लिहितो आणि तीन दिवस थांबतो. निम्म्या वस्तूंची तीन दिवसांत गरजच संपते. उरलेल्यांपैकी बऱ्याच लक्ष्मी रोडवर मिळतात. तिथे वाहन लावायला जागा मिळत नाही, तो भाग वेगळा.

९. कचरा कमी केला की कुणाचं तरी काहीतरी कमी होतं. हे मी सगळ्यात शेवटी शिकलो, आणि अजून पुरतं पचलेलं नाही. दोन वर्षांपूर्वी चार पोती पंधरा दिवसांत भरायची. आता एकच पोतं आहे आणि ते भरायला महिना लागतो. मी हे ताईंना अभिमानाने सांगितलं.

"कळतंय ना," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडून आता काहीच निघत नाही."

त्यात कौतुक नव्हतं. भिंतीकडचा ढीग लहान झाला होता, ते त्यांना हवंच होतं. तो उचलायचा, चौथ्या मजल्यावरून उतरवायचा आणि मिळायचं काही नाही. पण त्याच्याबरोबर खोकी गेली, बाटल्या गेल्या, आणि तो त्यांचा चहापाण्याचा, कधी मुलाच्या वहीचा पैसा होता. घरटी महिन्याचे पैसे त्यांना मिळतात ते वेगळे, भंगाराचे वेगळे. मी बाटलीचं पाणी बंद केलं आणि माझ्या पुण्याची वजाबाकी झाली ती त्यांच्या काट्यावर. बायको म्हणाली, घरटी पैसे वाढवायचं सोसायटीच्या सभेत काढा. काढलं. पंचेचाळीस मिनिटं चर्चा झाली, त्यातली चाळीस पार्किंगवर. विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे. मी तो पुन्हा काढणार आहे.

मागच्या रविवारी ताई आल्या तेव्हा मी खुंटीवरच्या कापडी पिशव्या आवरत होतो. त्यांनी दारातूनच पाहिलं.

"काका, एवढ्या पिशव्या? देता का त्यातल्या? बाटल्या भरायला लागतात, प्लास्टिकचं पोतं दोन महिन्यांत फाटतं."

मी अकरा काढून दिल्या. नगरसेवकाची त्यांनी परत केली. "ही राहू दे, मी दुसऱ्या वॉर्डात राहते," म्हणाल्या. बाकीच्या दहा खांद्याला अडकवून त्या जिना उतरल्या. दिवसाला चार-पाच सोसायट्या करतात त्या. १३१ फेऱ्या त्यांच्या महिन्याभरातच होतील.